सहा तासांची पायरी

मित्रांनो, मी एक जुने गणकयंत्र आहे. विजेवर चालणारे नव्हे, दांडा हाताने गरगर फिरवून चालवायचे. माझ्या नावावर अकरा माणसांचे मरण लिहिलेले आहे. ते मी घडवले नाही. पण सरकारी कागदावरची शाई एकदा वाळली की यंत्राने ती खोडायची कशी? मला हात नाहीत. म्हणून तुमच्याशी बोलतो आहे. तुम्ही लहान आहात आणि अजून कशावर सही केलेली नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात पितळेच्या चकत्या आहेत आणि प्रत्येक चकतीला नऊ दात. दांडा पुढे फिरवला की बेरीज होते, मागे फिरवला की वजाबाकी. उत्तर शून्याच्या खाली गेले तर आत घंटी वाजते. कारखान्यातल्या तपासनिसाने माझा दांडा हजार वेळा फिरवला आणि एकही दात घसरला नाही, तेव्हाच मला खोक्यात भरले. जहाजाने मी ट्युनिसच्या बंदरावर उतरलो आणि तिथून ट्रकने, धूळ खात, वादी लौझच्या धरणावर आलो.

वादी लौझ ही नदी वर्षातले दहा महिने नावापुरतीच असते. पात्रात गोटे आणि कण्हेरीची झुडपे. शेळ्या तिच्यातून रमतगमत चालत जातात. पण डोंगरावर पाऊस कोसळला की हीच नदी पिसाळल्यासारखी धावत येते. फ्रेंच नुकतेच निघून गेले होते आणि धरण आता आपले झाले होते. त्याच्या माथ्यावर दोन खोल्यांचे ऑफिस होते. त्यातल्या खिडकीजवळच्या टेबलावर मला ठेवले आणि बेयाच्या स्वाधीन केले.

बेया तेव्हा सव्वीस वर्षांची होती. धरणाचे दरवाजे उघडणाऱ्या खमीसची ती धाकटी बहीण. गणितात तिचा हात धरणारा त्या जिल्ह्यात कोणी नव्हता. पण ती बाई होती, म्हणून पहिल्या दिवशीच एका कारकुनाने टोमणा मारला, "दांडाच फिरवायचा ना? मग बाई कशाला हवी? गाढवही फिरवील."

खमीस दारातच उभा होता. तो म्हणाला, "फिरवील की. पण थांबायचं कुठे तेही कळायला हवं ना? म्हणून तर तुला बसवलं नाही इथे."

बेया हसली नाही. तिने फडक्याने माझी धूळ पुसली, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि कामाला लागली.

काम कोणते ते सांगतो. तळ्यात पाणी येते आणि तळ्यातून जाते. आत्ता पातळी किती आणि ती किती वेगाने चढते आहे, एवढे आपल्याला ठाऊक असते. दुपारी ती कुठे असेल? हे थेट सांगणारे सूत्र कोणाजवळ नसते, कारण वेग सारखा बदलत राहतो. म्हणून पायरीपायरीने जायचे. थोडा वेळ वेग हाच राहील असे धरायचे, पातळी काढायची. मग तिथे थांबून नवा वेग बघायचा आणि पुढची पायरी टाकायची. ही रीत अगदी साधी आहे. पण तिच्यात एक मेख आहे. पायरी लहान असेल तर उत्तर सत्याच्या जवळ राहते. पायरी मोठी घेतली तर रीत तीच असते, बेरीज बरोबर असते आणि उत्तर मात्र साफ खोटे निघते.

हे मला बेयाने सांगितले नाही. तिने ते मबरूकाला सांगितले आणि मी ऐकले.

मबरूका धरणाखालच्या वस्तीत राहायची. मातीच्या भट्टीत रोट्या लावायची आणि रोज सकाळी टोपलीभर गरम रोट्या घेऊन धरणाचा चढ चढून यायची. धापा टाकत ती बाकावर बसे आणि सगळ्यांची खरडपट्टी काढून मगच उठे. एका सकाळी तिने मला बोटाने टोचले.

"काय गं पोरी, उद्या तळं किती भरेल ते ह्या डब्याला कसं कळतं? जिन्न बसवलाय का आत?"

"जिन्न नाही, खाला. तुमचं पीठ फुगतं ना, तसंच आहे. किती फुगलंय, किती भराभर फुगतंय ते बघायचं आणि पुढचा अंदाज करायचा."

"आणि मधे ऊन आलं तर? उन्हात पीठ बघता बघता वर येतं."

"म्हणून तर सारखं बघायचं. तासातासाने."

"आणि सकाळी एकदा बघून थेट दुपारी गेले तर?"

"तर परातीच्या बाहेर."

मबरूका मनापासून हसली. "हे तर मला माझ्या सासूनं शिकवलंय. फुकट! तुम्ही त्याला पगार घेता होय?"

मोठ्या मोठ्या साहेबांना ही गोष्ट समजावताना बेयाची जीभ थकायची. मबरूकाला ती एका रोटीच्या अवकाशात समजली.

नऊ वर्षे आम्ही काम केले. कौतुकही झाले. पाहुणे आले की मोठे साहेब सी शाझली ('सी' म्हणजे श्रीयुत) माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हा आमचा सगळ्यात शहाणा नोकर. चहा मागत नाही, रजा मागत नाही." सगळे हसायचे. सी शाझली वाईट मनुष्य नव्हते, हे मी रागातही सांगतो. पण त्यांना घाई फार असे. कोरड्या दिवसांत पातळी हलतच नसे, तेव्हा तासातासाने हिशेब कशाला? त्यांनी नियमच करून टाकला: पायरी सहा तासांची. सहा ओळींच्या जागी एक ओळ. नियम टंकलेखन करून भिंतीवर लावला. बेया म्हणाली, "पुराच्या दिवशी हा चालणार नाही, सी शाझली." ते म्हणाले, "पूर येऊ दे तर खरा आधी!"

पूर तीन वर्षे आलाच नाही. तळ्याचा तळ भेगाळला. जैतुनाची झाडे करपली, मेंढ्या मेल्या. लोक धरणावर येऊन उरलेल्या पाण्याकडे नुसते बघत बसायचे. सी शाझलींच्या सासऱ्यांची बदामाची बाग वाळून गेली. हे सांगतो, कारण त्या दिवशी त्यांच्या मनात काय होते ते तुम्हाला कळावे.

तो ऑक्टोबरातला गुरुवार होता, खालच्या वस्तीचा बाजाराचा दिवस. डोंगरावर पहाटेपासून पाऊस कोसळत होता. डोंगरातल्या चौकीवरून पाणी तळ्यात यायला सहा तास लागायचे आणि चौकीवाला दर तासाला फोनवर आकडा सांगायचा. म्हणजे दुपारी दोनपर्यंत तळ्यात येणारे सगळे पाणी सकाळी आठलाच आमच्या कागदावर होते. धरणावर मात्र थेंब नव्हता. ऊन पडले होते.

सी शाझली आनंदाने खोलीभर फिरत होते. "आलं! तीन वर्षांनी आलं! बेया, नऊ वाजता शहरातून फोन येईल. दोनची पातळी दे लवकर."

"मला पाऊण तास द्या. तासातासाने जाते."

"नियमाप्रमाणे जा. एक ओळ. फोनवर मी काय सांगू, बाई अजून दांडा फिरवतेय म्हणून?"

आठला पातळी होती एकेचाळीस मीटर वीस. तासाला वीस सेंटिमीटर चढत होती. वीस गुणिले सहा. बेयाने माझा दांडा फिरवला आणि मी उत्तर दिले: बेचाळीस मीटर चाळीस. चव्वेचाळीसला दरवाजे उघडायचे असतात. भरपूर जागा होती. सी शाझलींनी तो आकडा खड्या आवाजात शहराला कळवला आणि "एक थेंब सोडणार नाही" असेही सांगून टाकले.

बेया उठली नाही. तिने नवा कागद घेतला आणि तासातासाने निघाली. पहिल्या तासाला वीस सेंटिमीटर. दुसऱ्याला पस्तीस. मग साठ. मग पंचाण्णव. मग एक मीटर तीस. मग दीड मीटर. प्रत्येक पायरी ती दोनदा काढत होती: एकदा तासाच्या सुरुवातीचा वेग धरून, मग तासाच्या शेवटचा वेग बघून आणि दोहोंची सरासरी घेऊन. आकडे लावायची एकही खुंटी चुकली नाही. शेवटी माझ्या उत्तराच्या खिडकीत आकडे येऊन थांबले: शेहेचाळीस मीटर दहा.

धरणाचा माथा शेहेचाळीसला होता.

पावणेदहा वाजले होते. तिने कागद साहेबांसमोर ठेवला. "आत्ता एक दरवाजा थोडा उघडला तर पाणी हळूहळू जाईल. कुणाला काही होणार नाही."

सी शाझलींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "एकाच यंत्राची दोन उत्तरं? साडेतीन मीटरहून जास्त फरक? मग खरं कोणतं?"

"दुसरं."

"आणि पहिलं मी शहराला सांगून बसलो, ते?"

"ते उत्तर चुकलेलं नाही, सी शाझली. पायरी चुकलीय."

"कोड्यात बोलू नकोस. तीन वर्षं आभाळाकडे बघून लोकांचे डोळे गेले आणि मी पाणी सोडून देऊ? खाली मला दगडं मारतील. तुझ्या ह्या डब्याचा दात घसरला असेल. पुन्हा कर. सगळं पहिल्यापासून."

मित्रांनो, इथे मी थोडा थांबतो. कारण इथवर दोष त्यांचा होता, इथून पुढे आमचाही आहे. खालची वस्ती उतारावरून पळत गेले तर वीस मिनिटांवर होती. बेया उठून जाऊ शकत होती. मबरूकाला एक हाक मारली असती तर तिने सगळा बाजार तासाभरात डोंगरावर चढवला असता. तिचा आवाजच तसा होता. पण बेयाला "पुन्हा कर" असे सांगितले होते. ती खाली बसली आणि तिने पुन्हा केले. मीही दांड्याबरोबर मुकाट फिरलो. दोघेही आज्ञाधारक. पावणेअकराला उत्तर आले: शेहेचाळीस मीटर दहा.

"बाराची पातळी बघू," सी शाझली म्हणाले. "मग ठरवू."

बाराला पातळी त्रेचाळीस मीटर तीस होती, बेयाच्या चौथ्या ओळीतली तंतोतंत. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते शहराला फोन लावत बसले आणि फोन लागेना. एकाला पाणी चव्वेचाळीसच्याही वर गेले. तेव्हा ते खिडकीतून ओरडले, "खमीस! उघड!"

"एकेक करून उघडतो, साहेब! खाली बाजार भरलाय!"

"चारही! आत्ताच्या आत्ता! धरण फुटलं तर कोण उरणार आहे?"

खमीसने आधी भोंगा वाजवला. पाच मिनिटे तो वाजवत राहिला आणि साहेबांच्या शिव्या खात राहिला. मग त्याने चारही दरवाजे उघडले. धरण वाचले. पाण्याची भिंत गोटे, कण्हेरी, बाजाराचे तंबू घेऊन खालच्या वस्तीत शिरली. अकरा माणसे गेली. त्यांतली मबरूका भट्टीपाशीच होती. भोंगा ऐकून शेजारणीने तिला हाक मारली, तर ती म्हणाली होती, "अगं, बेया बसलीय ना वर. काही असतं तर पोरीनं सांगितलं नसतं का?"

हे शेजारणीने नंतर ऑफिसात येऊन सांगितले. बेयाकडे बघून सांगितले.

चौकशी त्याच खोलीत झाली. शहरातून तीन अधिकारी आले आणि मला त्यांच्या टेबलाच्या मधोमध ठेवले, खुनातल्या सुऱ्यासारखे. सी शाझलींनी सांगितले की, यंत्राचा दात घसरला आणि म्हणून बेचाळीस मीटर चाळीस असे चुकीचे उत्तर आले. तासातासाचे दोन्ही कागद फायलीत नव्हते. कुठे गेले ते कुणाला ठाऊक नव्हते. एका कारागिराला बोलावून त्याच्याकडून माझी तपासणी करवली. त्याने दिवसभर माझ्यावर गुणाकार केले आणि संध्याकाळी हात पुसत म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे, साहेब. माझ्यापेक्षा बरं."

त्यावर एक अधिकारी म्हणाला, "आज असेल. त्या दिवशीचं बोल."

कारागिराने आपली हत्यारे पिशवीत भरली. त्या दिवशी तो कुठे होता?

मग बेयाला आत घेतले. थोरला अधिकारी तिला मानाने 'लल्ला', म्हणजे बाईसाहेब, म्हणत हळू आवाजात, अगदी वडीलकीने बोलला. "लल्ला बेया, दोनच वाटा आहेत. यंत्र बिघडलं होतं असं तुम्ही लिहून दिलंत, तर हा अपघात. यंत्र चांगलं होतं म्हणालात, तर माणसाचा गुन्हा. आणि लेखी हुकमाशिवाय चारही दरवाजे कुणी उघडले? तुमच्या भावाने."

"हुकूम सी शाझलींनी दिला. मी ऐकला."

"तुम्ही बहीण. तुमचं ऐकणं कोण धरणार?"

बेया बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. नऊ वर्षांत तिने माझ्याकडे असे कधी बघितले नव्हते. मग तिने पेन उचलले आणि सही केली.

मी तिला दोष देत नाही, असे म्हणायला हवे, आणि मी म्हणतोही. भाऊ हाडामांसाचा, मी पितळेचा. पण खरे सांगू? माझ्या पोटात घंटी आहे आणि ती नेमकी तेव्हाच वाजत नाही जेव्हा वाजायला हवी.

माझ्या पाठीवर "सदोष" अशी चिठ्ठी चिकटवली आणि मला कोठारात टाकले. सी शाझलींची शहरात बदली झाली, बढतीवर. बेयाने नोकरी सोडली. मी चौदा वर्षे सिमेंटच्या गोण्यांमागे पडून होतो. तेल सुकले, चकत्यांवर हिरवा गंज चढला. एका उंदरिणीने माझ्याखाली पिल्ले घातली, तेवढीच ऊब.

मग धरणावर विजेचे नवे गणकयंत्र आले, कपाटाएवढे. जुने सामान काढताना मला गावच्या शाळेला देऊन टाकले. तिथे काचेच्या कपाटात मी बसलो, चिठ्ठीसकट. गणिताच्या बाई लल्ला नाइला मुलांना सांगायच्या, "ह्याच्या चुकीमुळे पूर आला होता." मुले काचेला नाक लावून मला बघत. एकजण तर रोज जाताना मला वेडावून दाखवी. त्याची आजी त्या अकरात होती.

आता ऐका, मित्रांनो. नव्या यंत्राला कामाला लावताना कुणीतरी भिंतीवरचा नियम वाचला आणि तोच त्याच्या पोटात घातला: पायरी सहा तासांची. का नाही घालणार? चौकशीत नियमाला कोणी दोष दिला नव्हता. दोष माझा होता आणि मी तर कपाटात होतो! त्या यंत्राने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तीच चूक केली जी मला करायला पाच मिनिटे लागली होती. पुन्हा पूर आला, पुन्हा दरवाजे उशिरा उघडले. ह्या वेळी माणूस मेला नाही, कारण खालच्या वस्तीने धरणावर विश्वास ठेवणे केव्हाच सोडले होते. डोंगर काळा झाला की ते आपापली चूल उचलून वर चढत. तरी सत्तर घरे गेली. चौकशी झाली. तिने काय म्हटले असेल? यंत्रदोष.

त्यानंतर आठवड्याभराने एक बाई शाळेत आली. केस पांढरे झाले होते, पण चालणे मी ओळखले. ती कपाटासमोर उभी राहिली आणि लल्ला नाइलांना म्हणाली, "ही चिठ्ठी खोटी आहे. ती माझ्या सहीने लागलीय."

मग तिने सगळे सांगितले. पीठ, पायऱ्या, दोन कागद, सही. लल्ला नाइला खुर्चीत बसल्या. शेवटी त्यांनी विचारले, "इतकी वर्षं का नाही बोललात?"

"खमीस होता. गेल्या हिवाळ्यात गेला तो. आता वाचवायला कोणी उरलं नाही."

"लेखी द्याल?"

"त्यासाठीच आलेय."

दोघींनी मिळून अर्ज लिहिला. पायरी सहा तासांवरून एका तासावर आणावी, एवढीच मागणी. उत्तर पाच महिन्यांनी आले. लल्ला नाइलांनी ते मोठ्याने वाचून दाखवले: शपथेवर दिलेला जबाब बदलता येत नाही. प्रकरण बंद आहे. अर्जदार बाईंचा धरणाच्या कामाशी आता संबंध नाही.

बेया म्हणाली, "बरोबर आहे. मी त्या दिवशी उठून पळत गेले असते, तर संबंध राहिला असता." आणि ती घरी गेली. त्यानंतर ती फार जगली नाही.

लल्ला नाइलांनी मला कपाटातून काढले. रॉकेलने माझा गंज घासला, तेल घातले. आता दर वर्षी मुले माझा दांडा फिरवतात, आधी सहा तासांची पायरी घेऊन, मग एका तासाची, आणि दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहितात.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. तेल मिळाले तर बरे, नाही मिळाले तरी मी पितळ आहे. माझी विनवणी वेगळी आहे. कुठे काही विपरीत घडले आणि कोणी "यंत्र बिघडले" म्हणाले, तर लगेच मान डोलवू नका. घाई कुणाची होती ते विचारा. भलत्याच्याच माथी दोष मारला की खरी चूक मरत नाही, तिला उलट संरक्षण मिळते. आणि तुम्हाला उत्तर कळले असेल, तर ते पुन्हा पुन्हा तपासत बसू नका. उठा आणि पळत जाऊन सांगा.

धरणावर आजही पायरी सहा तासांचीच आहे.